जुना किचन ओटा कमी खर्चात रंगवायचा? नागपूरच्या हवेत टिकेल अशी सगळी पद्धत

ओटा तोडून ग्रॅनाइट टाकायचा म्हटलं की दुकानदार फक्त दगडाचा स्क्वेअर फुटाचा भाव सांगतो आणि तो ऐकायला बरा वाटतो. त्याच्या मागून मग तोडायची मजुरी येते, मलबा न्यायला गाडी लागते, सिंक काढून परत बसवायला प्लंबर, मोल्डिंगचे रनिंग फुटाने वेगळे पैसे, आणि तोडता तोडता भिंतीच्या टाइल्सची खालची लाइन फुटली की तशी टाइल आता इतवारी पालथी घातली तरी मिळत नाही, म्हणजे भिंत पण नवीन करा. ज्यांच्याकडे तेवढं बजेट नाही, किंवा दोन-तीन वर्षांनी घराचं मोठं काम काढायचंच आहे आणि तोवर हा कळकट ओटा बघवत नाही, त्यांच्यासाठी हे लिहून राहिले.

एक गोष्ट आधीच सांगते. रंगवलेला ओटा दगड होत नाही. नीट केला तर दोन-तीन वर्षं छान राहतो, मधे थोडा टच-अप लागतो, आणि त्यावर गरम कुकर आपटायची सवय असेल तर पहिल्याच आठवड्यात गोल डाग पडतो. आणि या कामात रंगाचा भाग सगळ्यात सोपा आहे, खरी मेहनत चिकटा काढायची आहे, ती ज्याला करायची नाही त्याने डबा आणायला जाऊच नये.

तुमचा ओटा कशाचा आहे

महाल, हनुमाननगर, नंदनवन, सक्करदरा भागातल्या जुन्या घरांमधे बहुतेक काळा कडप्पा असतो. काही ठिकाणी पांढऱ्या चौकोनी टाइल्स लावलेल्या असतात आणि त्यांच्या फटी काळ्या झालेल्या असतात. नंतरच्या फ्लॅटमधे काळा ग्रॅनाइट. कडप्पा आणि ग्रॅनाइट दोन्ही काळे, त्यामुळे बरेच जण कडप्प्यालाच ग्रॅनाइट समजून बसलेले असतात. ओळखायचं कसं, तर गॅसच्या मागे कोपऱ्यात लिंबाच्या रसाचे दोन थेंब टाका आणि दहा मिनिटांनी पुसा. कडप्पा हा चुनखडीचा दगड आहे, आंबट लागलं की तिथली चमक जाऊन पांढरट डाग दिसतो, कधी बारीक बुडबुडे पण येतात. ग्रॅनाइटला लिंबाने काहीच होत नाही.

ग्रॅनाइट असेल तर माझं ऐका, रंगवू नका. तो इतका कडक आणि गुळगुळीत असतो की हाताने घासून रंगाला पकड मिळत नाही, सिंकजवळून पापुद्रे निघायला लागतात, आणि चांगला दगड पण खराब होतो. त्याला दगड पॉलिश करणारा माणूस बोलवा, पुष्कळ स्वस्तात नव्यासारखा निघतो. कडप्प्याचं पण तसंच बघा, फक्त पांढरट पडला असेल, खड्डे नसतील, तर आधी पॉलिशचा भाव विचारा. खड्डे, टवके, जुन्या मालकाने लावलेले सिमेंटचे ठिगळ असं काही असेल तर रंग.

टाइल्सचा ओटा रंगाला सगळ्यात चांगला. फक्त एक रुपयाचं नाणं घेऊन प्रत्येक टाइलवर टकटक करा, जी पोकळ वाजते ती आतून सुटलेली आहे, ती आधी काढून टाइल अॅडहेसिव्हने परत बसवा, नाहीतर ती हलणार आणि तिच्या कडेने रंगाला रेष पडणार. सनमायकाचा मॉड्युलर ओटा असेल आणि सिंकजवळ प्लाय फुगला असेल तर त्याच्यावर रंगाचे पैसे घालू नका, तो प्लाय गेलेला आहे.

आणि ओट्याला आरपार तडा असेल, एका बाजूने बसलाय असं दिसत असेल, तर आधी गवंडी. भाड्याचं घर असेल तर घरमालकाला विचारून घ्या, नंतर डिपॉझिटवरून वाद नको.

कधी करायचं

इथे नागपूरचा प्रश्न येतो. मे महिन्यात तर नावच काढू नका. इथे २०१३ च्या मे मधे ४७.९ अंशांपर्यंत पारा गेलाय, तेवढं नाही तरी ४३-४४ दर वर्षी ठरलेलंच. त्या गरमीत दोन भाग मिसळायचा रंग (इपॉक्सी, त्याच्याबद्दल पुढे सांगते) डब्यातच घट्ट व्हायला लागतो, रोलर फिरवेपर्यंत दोऱ्या येतात. बरं, गरमी म्हणून कूलर लावावा तर कूलर खोलीत पाण्याची वाफच फेकतो आणि दमट हवेत इपॉक्सीवर एक चिकट पांढुरका थर येतो ज्याच्यावर पुढचा हात बसत नाही. पावसाळ्यात पण तोच त्रास, शिवाय दगड आतून सुकतच नाही.

दिवाळीच्या आधी लोक घाई करतात, ऑक्टोबरचं ऊन कडक असलं तरी हवा कोरडी होत जाते त्यामुळे चालतं. पण सगळ्यात बरं म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. फक्त डिसेंबर-जानेवारीत इथे रात्री पारा दहाच्या खाली जातो आणि तेवढ्या थंडीत इपॉक्सी सुकायचं जवळजवळ थांबतं, म्हणून त्या दिवसांत सकाळी दहा-अकराला हात मारायचा म्हणजे दुपारच्या उन्हात तो पकडतो. संध्याकाळी ऑफिसमधून येऊन करायचं काम नाही हे.

कोणता रंग

दुकानात गेलं की पहिले ऑइल पेंटच दाखवतील, म्हणजे साधा इनॅमल. स्वस्त असतो, चमकतो, आणि दारं-खिडक्यांना ठीक. ओट्यावर तो नरम राहतो, पिवळा पडतो, ओलं भांडं रात्रभर राहिलं की त्याच्या बुडाचा गोल उमटतो. नको. भिंतीचा इमल्शन तर नकोच नको. मार्बलसारखा दिसणारा स्टिकर पेपर पण मिळतो, तो भाड्याच्या खोलीत सहा महिन्यांपुरता लावा, गॅसजवळ आणि सिंकजवळ त्याच्या कडा उचलल्या जातात आणि खाली झुरळं राहायला येतात.

आपल्याला पाहिजे टू-पॅक इपॉक्सी, ज्यात बेस आणि हार्डनर असे दोन डबे येतात आणि मिसळल्यावर त्यांची रासायनिक क्रिया होऊन कडक थर बनतो. इपॉक्सीची पकड जबरदस्त, पण उन्हाने ती पिवळी पडते आणि ओरखडे दिसतात, म्हणून तिच्यावर टू-पॅक पीयू क्लिअर, म्हणजे पारदर्शक पॉलियुरेथेनचे दोन-तीन पातळ हात. पीयू लाकडी फर्निचरच्या पॉलिशच्या दुकानात सहज मिळतं. सॅटिन फिनिश मागा. ग्लॉसीवर प्रत्येक ओरखडा दिसतो आणि एकदम मॅट घेतलं तर त्याच्यात हळद बसते.

डबा घेताना शिशाचं बघा. घरगुती आणि सजावटीच्या रंगांमधे शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नको असा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे, पण कारखान्यांसाठीचे इंडस्ट्रियल रंग त्या नियमात येत नाहीत आणि पुष्कळ इपॉक्सी त्याच नावाखाली विकली जाते. तर डब्यावर शिसं नाही असं छापलेलं असेल तोच घ्या, दुकानदार "सब एकही है" म्हणाला तरी. हे स्वयंपाकाच्या जागेचं काम आहे.

किती लागेल ते मोजून घ्या. दहा फूट लांब, दोन फूट रुंद ओटा म्हणजे वीस स्क्वेअर फूट, समोरची पट्टी धरून तेवीस-चोवीस. एवढ्याला इपॉक्सीचा एक लिटरचा सेट दोन हातांना पुरून उरतो, पीयू क्लिअरचा पण एक लिटरचा सेट. बाकी यादी अशी: दोन्हीचे आपापले थिनर (इपॉक्सीचा वेगळा, पीयूचा वेगळा, टर्पेंटाइन किंवा रॉकेल चालत नाही), चार इंची छोटा रोलर आणि दोन-तीन जास्तीचे कव्हर, दीड इंची ब्रश, एम-सील, १२०, २२० आणि ३२० नंबरचा काळा वॉटर पेपर, मास्किंग टेप, नायट्राइलचे हातमोजे, आणि गॅस-वाफ अडवणारा कार्ट्रिजवाला मास्क. मास्कवर पैसे वाचवू नका, कापडी मास्क किंवा करोनातला उरलेला मास्क थिनरच्या वाफेला अडवत नाही. रोलर घेताना स्पंजचा नको, थिनरमधे त्याचे तुकडे पडतात, बारीक लव असलेला मागा. सगळं मिळून तीन-चार हजारांत बसतं, त्यातला मास्क आणि रोलर पुढेही कामी येतात.

चिकटा

आता खरं काम. सावजी रस्सा असो की रोजची फोडणी, वीस वर्षं ओट्यावर तेल उडत आलंय, आणि वरून कडप्पा काळा दिसावा म्हणून घरोघरी त्याला तेलाचा हात पुसायची पद्धत आहे. ते तेल दगडात मुरलेलं असतं. वरून कोरडा दिसला तरी रंग तेलावरच बसतो आणि महिन्याभरात नखाने सोलून निघतो.

ओटा पूर्ण रिकामा करा, गॅस-मिक्सर-कुंडी-लोणच्याच्या बरण्या सगळं. आधी पट्टीने कडक झालेले थर खरवडून घ्या, गॅसच्या मागची भिंत आणि ओटा मिळतो त्या कोपऱ्यात तपकिरी, डिंकासारखा थर असतो, त्याच्यात जिरं-मोहरी पण चिकटलेली सापडेल. मग बादलीभर कडकडीत गरम पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा, थोडं भांडी घासायचं लिक्विड, हातात मोजे, आणि ताठ ब्रशने घासायचं. पाणी टाकून लगेच पुसू नका, दहा मिनिटं मुरू द्या. पहिलं पाणी चहासारखं निघतं. परत नवीन पाणी, परत घासा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. 'इडा-पीडा घेऊन जा गे मारबत' म्हणायची पाळी येते खरी, पण इथे कंटाळलात तर पुढचं सगळं वाया.

कडप्प्यात जास्तच तेल मुरलं असेल तर सोडा आणि खडूची पावडर पाण्यात कालवून घट्ट लेप करा, अर्धा सेंटीमीटर जाड थापा, वर प्लास्टिक टाकून कडा टेपने बंद करा आणि रात्रभर ठेवा. सकाळी प्लास्टिक काढून लेप वाळू द्या, वाळताना तो तेल ओढतो. काढून बघा, लेप पिवळसर निघाला तर परत लावा.

अॅसिडने, टॉयलेट क्लीनरने साफ करायचा शॉर्टकट कोणी सांगेल. कडप्पा, कोटा, मार्बल हे सगळे अॅसिडने खाल्ले जातात आणि वरचा थर भुसभुशीत होतो, त्याच्यावर बसलेला रंग त्या भुशासकट निघतो. रॉकेलने पुसायचा सल्ला पण ऐकू नका, ते स्वतःच तेलकट थर सोडतं.

सिंकच्या कडेचा जुना सिलिकॉन कटरने पूर्ण कापून काढा. सिलिकॉनवर कोणताच रंग बसत नाही, त्याचा पातळ पापुद्रा राहिला तरी तिथे रंग फाटतो. नख लावून बघा, रबरासारखं लागलं तर अजून आहे.

साफ झालं का हे कसं कळेल? ओट्यावर पाणी शिंपडा. पाणी थेंब थेंब होऊन गोळा होत असेल तर तिथे तेल आहे, सरळ पसरत असेल तर साफ. गॅसच्या समोरची जागा आणि पोळ्या लाटायची जागा मुद्दाम बघा, पोळ्यांना तेल-तूप लावायचं काम तिथेच चालतं.

मग सुकवायचं. दोन दिवस तरी, खिडक्या उघड्या, पंखा चालू. सिंकजवळ एक फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून एक दिवस ठेवा, आतून घाम आला तर दगड अजून ओला आहे किंवा सिंकचा पाइप गळतोय. पाइप गळत असेल तर आधी तो करा, खालून ओल येत राहिली की वरचा रंग फुगतोच.

घासणं आणि भरणं

१२० च्या पेपरने संपूर्ण ओटा घासा, काळा वॉटर पेपर पाण्यासोबत वापरला तर धूळ उडत नाही. टाइलची चमक पूर्ण गेली पाहिजे, हात फिरवला तर बारीक खरखर लागली पाहिजे. कडप्पा नरम असतो, लवकर घासला जातो, त्यामुळे एकाच जागी दाबून घासत बसू नका, खळगा पडतो. आधीच कोणी जुना ऑइल पेंट मारलेला असेल तर तो कोरडा घासू नका, जुन्या रंगात शिसं असू शकतं, ओलाच घासा, चिखल कागदाने पुसून पिशवीत भरा आणि लेकरांना त्या दिवशी आजीकडे पाठवा.

टवके आणि खड्डे एम-सीलने भरा. दोन्ही कांड्या सारख्या घ्या, रंग एकसारखा होईपर्यंत मळा, पट्ट्या दिसता कामा नयेत, आणि खड्ड्यात अंगठ्याने दाबून बसवा, मग ओल्या बोटाने वरून सपाट करा. थोडा उंच ठेवला तरी चालतो, दुसऱ्या दिवशी घासून लेव्हल करता येतो. टाइल्सच्या फटी मोकळ्या असतील तर इपॉक्सी ग्राउटने भरा, म्हणजे ओटा एकसंध दिसेल. भिंतीची पुट्टी ओट्यावर वापरू नका, पाणी लागलं की ती नरम पडते आणि वरचा रंग तडकतो.

भरलेलं सुकलं की २२० ने पूर्ण हात फिरवा, ओल्या कापडाने धूळ पुसा, सुकू द्या, आणि रंगाच्या आधी इपॉक्सी थिनरमधे भिजवलेल्या पांढऱ्या सुती कापडाने शेवटचं पुसून घ्या. पांढरं कापड यासाठी की कापडावर काळं-पिवळं आलं तर लगेच दिसतं. त्याच्यानंतर ओट्यावर उघडा हात ठेवायचा नाही, हाताचं तेल लागतं.

हे पुसणं म्हणजे थिनर, म्हणून त्याच्या आधी पुढचं वाचा.

गॅस, फ्रिज, देवघर

सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून काढा आणि सिलिंडर स्वयंपाकघराच्या बाहेर, गॅलरीत नेऊन ठेवा. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली फरशीवर साचते, म्हणजे नेमकं सिलिंडर आणि फ्रिजच्या मोटरजवळ. फ्रिजचा प्लग पण काढा, तो आपोआप चालू-बंद होताना ठिणगी पडते. वाफ असताना बटणं चालू-बंद करत बसू नका. आणि आपल्याकडे बऱ्याच घरांत देवघर स्वयंपाकघरातच असतं, तर देव रंग आणि पीयूचं काम संपेपर्यंत हॉलमधे न्या, दिवा-अगरबत्ती तिकडेच. सासूबाईंना आधीच सांगून ठेवा म्हणजे सकाळी सकाळी कोणी सवयीने काडी ओढणार नाही.

खिडक्या-दारं उघडी, हवा एकीकडून येऊन दुसरीकडून जाईल अशी. दमा असलेले, गरोदर बाई, लहान लेकरं यांनी रंगाचे दिवस घराबाहेर किंवा दूरच्या खोलीत राहावं. पीयूच्या हार्डनरमधे आयसोसायनेट नावाची रसायनं असतात, ती वाफ फुप्फुसांना खरंच वाईट, म्हणून ते स्प्रेने मारायचंच नाही, रोलरनेच. उरलेलं थिनर सिंकमधे ओतू नका.

जेवणाचं काय, तर डायनिंग टेबलवर इंडक्शन, खिचडी आणि वडा-भात, बाकी बाहेरचा तर्री-पोहा आहेच.

मिसळणं आणि हात मारणं

आधी एक छोटी टेस्ट. जिथे दिसत नाही अशा कोपऱ्यात तळहाताएवढा रंग मारा, दोन-तीन दिवस सुकू द्या, मग ब्लेडने फुलीसारखे बारीक चौकोन कापा, त्यावर टेप घट्ट चिकटवून झटकन ओढा. चौकोन टेपसोबत आले तर साफ करणं-घासणं परत. नाही आले तर पुढे चला. लोक ही पायरी सोडतात.

टेप लावून घ्या, भिंतीच्या टाइल्सला, सिंकच्या स्टीलला, खालच्या दारांना. तपकिरी पॅकिंग टेप नको, तिचा गोंद राहतो.

बेसचा डबा काठीने तळापासून ढवळा, जड रंग खाली बसलेला असतो. बेस आणि हार्डनरचं प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं, ते कंपनीप्रमाणे बदलतं, कुठे निम्मं-निम्मं, कुठे चाराला एक, म्हणून आठवणीवर किंवा पेंटरच्या अंदाजावर जाऊ नका. मोजायला औषधाच्या बाटलीवरचं खुणावालं झाकण किंवा सिरिंज मस्त. हार्डनर जास्त टाकला तर लवकर सुकेल असं काही नसतं, थर चिकट राहतो आणि मग तो सगळा खरवडावा लागतो. एका वेळी पाव लिटरपेक्षा जास्त मिसळू नका. दोन-तीन मिनिटं सावकाश ढवळा, भांड्याच्या कडा खरवडून आत घ्या, डब्यावर थांबायला सांगितलं असेल तेवढं थांबा, आणि मग सपाट ट्रेमधे ओता. खोल भांड्यात ठेवला तर तो स्वतःच्याच उष्णतेने गरम होतो आणि लवकर घट्ट होतो.

पहिला हात थोडा पातळ, डब्यावर सांगितलेल्या मर्यादेत थिनर टाकून. कोपरे आणि सिंकच्या कडा आधी ब्रशने, मग रोलर. हलक्या हाताने, आधी आडवा, मग उभा, आणि शेवटी एकाच दिशेने. दिसायला काळा-पांढरा पट्टा-पट्टा दिसेल, दिसू द्या, पहिल्याच हातात झाकायचा प्रयत्न केला की रंग साचतो आणि समोरच्या कडेवरून ओघळतो. समोरची कड मारल्यावर दहा मिनिटांनी खाली वाकून बघा, थेंब लोंबत असतील तर कोरड्या ब्रशने उचला.

दुसरा हात डब्यावर दिलेल्या वेळेत, साधारण दुसऱ्या दिवशी. एक दिवसापेक्षा जास्त गेला किंवा वर चिकट पांढुरका थर आला तर आधी साबणाच्या पाण्याने पुसून, सुकवून, ३२० ने हलकं घासा.

रंग कोणता? पांढरा सगळ्यांनाच आवडतो, फोटोत छान दिसतो, आणि पहिल्याच पाटवडीच्या बेताला हळदीचा हात लागतो. मी मधला राखाडी किंवा बदामी सांगेन, त्यावर ठिपक्यांचं काम. आंघोळीचा जाड भोकांचा स्पंज घ्या, कापलेली सरळ कड दिसू नये म्हणून तो हाताने फाडा, आणि बेसपेक्षा एक गडद, एक फिकट अशा दोन इपॉक्सी शेडमधे बुडवून आधी कागदावर टिपा, मग ओट्यावर. दर वेळी मनगट थोडं फिरवा, नाहीतर एकच ठसा ओळीने उमटतो आणि वॉलपेपर दिसायला लागतो. गडद आधी, फिकट नंतर, आणि शेवटी पांढऱ्याचे अगदी थोडे शिंतोडे. दोन पावलं मागे जाऊन बघत राहा. जवळून सगळंच कमी वाटतं आणि मग हात थांबत नाही. मार्बलच्या रेषा काढायच्या व्हिडिओंच्या मागे पहिल्याच वेळी लागू नका, हात बसलेला नसेल तर त्या भेगा दिसतात. आणि हे ठिपके रोजचे ओरखडे आणि डाग पण लपवतात, सरळ एकरंगी ओट्यावर सांभार (कोथिंबीर) चिरताना पडलेला एक चरा पण डोळ्यात येतो.

टेप रंग पूर्ण कडक व्हायच्या आधी, थोडा ओलसर असतानाच, स्वतःकडे तिरका ओढून काढा. पीयूसाठी परत नवीन लावा.

पीयू क्लिअर लावायच्या आधी इपॉक्सीला किमान एक दिवस द्या, ३२० ने हलकं घासून धूळ पुसा. प्रमाण मोजून मिसळा, दोन किंवा तीन पातळ हात, मधे डब्यावर सांगितलेला वेळ. सकाळी झाडू मारून लगेच सुरू करू नका, उडालेली धूळ खाली बसू द्या. पंखा बंद, खिडकी उघडी. क्लिअर ओला असताना तिरक्या बाजूने टॉर्च मारून बघा, सुटलेली जागा मंद दिसते. साध्या एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकरने पीयूचं काम होत नाही, ते पाण्याने पांढरं पडतं.

वापर कधी सुरू करायचा

हाताला सुकलेला लागतो दुसऱ्याच दिवशी, आणि तिथेच घाई होते. पूर्ण कडक व्हायला साधारण सात दिवस लागतात, थंडीत दहा धरा. पहिले तीन दिवस काहीच ठेवायचं नाही, नंतर हलकं सामान उचलून ठेवायचं, ओढायचं नाही, आणि ओलं फडकं ओट्यावर पसरून ठेवायचं नाही. आठवडा झाला की सिंकच्या कडेला बुरशी न धरणारा सॅनिटरी सिलिकॉन भरा, कारण पाणी तिथूनच आत शिरतं. सिलिकॉनला एक दिवस.

गॅस शेगडीच्या रबरी पायांखाली स्टीलचा पत्रा किंवा काच ठेवा. रबर एकाच जागी महिनोन् महिने दाबलेलं राहिलं की रंगाला चिकटतं आणि पिवळा ठसा सोडतं, मिक्सरच्या पायांचं पण तसंच. साधी इपॉक्सी साठ-सत्तर अंशांच्या पुढे नरम पडायला लागते आणि गॅसवरून उतरवलेला तवा त्याच्या कितीतरी पुढे असतो, तर गरम गंज (पातेलं), कढई, कुकर यांना स्टीलची जाळी किंवा लाकडी पाट पाहिजेच. जाळी गॅसच्या शेजारीच कायमची ठेवा, कपाटात ठेवली तर कोणी काढत नाही.

ओट्यावर थेट कणिक मळायची, पोळी लाटायची, आलू चिरायचे ज्यांना सवय आहे त्यांनी ती सोडावी. हा थर खायच्या वस्तू थेट ठेवण्यासाठी नसतो, आणि सुरीने तो कापला पण जातो. परात, पोळपाट, चॉपिंग बोर्ड.

सफाईला साधं भांड्याचं लिक्विड आणि मऊ स्पंज. तारेची घासणी, भांड्यांची पावडर, ब्लीच, अॅसिड बंद. चिंच-लिंबू सांडलं तर लगेच पुसा. हळदीचा डाग राहिलाच तर घासून थर खराब करू नका, खिडकीचं ऊन येत असेल तर तो आपोआप फिका पडतो, हळदीचा रंग उन्हात टिकत नाही.

टवका उडाला तर

उडणारच, आणि बहुतेक सिंकच्या समोरच्या कडेवर, जिथे भांडी आपटतात. लगेच बघितलं तर पाच मिनिटांचं काम आहे, सोडलं तर पाणी आत शिरून टवका रुपयाएवढा, मग तळहाताएवढा होतो. ब्लेडने सुटलेल्या कडा कापून काढा, ३२० ने भोवतालचा एक इंच घासा, थिनरने पुसा, सिरिंजने मोजून पाच-दहा मिलि इपॉक्सी मिसळा आणि बारीक ब्रशने भरा, दुसऱ्या दिवशी वरून पीयू. ठिपक्यांचा ओटा असेल तर जोड दिसत पण नाही.

म्हणून उरलेला बेस आणि हार्डनर वेगवेगळे, झाकणं घट्ट लावून, सावलीत ठेवा, डब्यावर मार्करने मिसळायचं प्रमाण आणि तारीख लिहा. पीयूचा हार्डनर हवेतल्या ओलीने डब्यातच घट्ट होतो, तो छोट्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवला तर जास्त दिवस चालतो. डबे गच्चीवरच्या टिनाच्या खोलीत टाकू नका, उन्हाळ्यात ती खोली भट्टी होते. सिंकचा सिलिकॉन दर वर्षी पावसाळ्याच्या आधी तपासा, काळा पडला किंवा कडेने सुटला असेल तर कापून नवीन भरा.